विमा, दागिने आणि स्वयंपाकघर : फाळक्यांचा संसार

मंडळी, दादासाहेब फाळक्यांवरचं व्याख्यान बहुतेक वेळा ३ मे १९१३ ला, गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात सुरू होतं. तिथे ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि धुंडिराज गोविंद फाळके भारतीय चित्रपटाचे जनक झाले. मला आज या जनकाला थोडं बाजूला बसवायचं आहे. बोलायचं आहे ते एकामागून एक धंदे करून पाहणाऱ्या, बायकोमुलं असलेल्या एका माणसाबद्दल. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतःचा धंदा करणारे आहेत. तुम्ही पहिला प्रश्न विचाराल तो भांडवलाचा. फाळक्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर पुन्हा पुन्हा ‘घरातून’ असंच येतं.

सुरुवातीचा भाग भरभर सांगतो. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जे हाताला लागेल ते शिकले. गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत तिथे पहिली पत्नी आणि मूल गेलं, आणि गोध्रा सुटलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. त्या सरस्वतीबाई. पुढे पुरातत्त्व खात्यात सरकारी नोकरी मिळाली. कायमचा पगार म्हणजे त्या काळात केवढी गोष्ट! ती नोकरी सोडली, स्वदेशीच्या दिवसांत छापखाना काढला. लोणावळा, मग दादर. यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. आणि मग भागीदारांशी बिनसलं, तसे उभ्या केलेल्या छापखान्यातून बाहेर पडले. चाळिशी उलटलेला माणूस, पदरी मुलं आणि हाताशी काही नाही. मधल्या काळात जादूचे प्रयोगही करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. आडनाव उलटं वाचा म्हणजे कळेल. असो.

ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी याच सुमाराला, १९११ मध्ये पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण, गोकुळ-अयोध्या दिसत होती, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहिलं आहे. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यांच्याबरोबर सरस्वतीबाईही होत्या, हे मात्र पुष्कळदा सांगायचं राहून जातं. त्यानंतरचे महिने ते इतके चित्रपट बघत सुटले, खोलीत इतके प्रयोग करत बसले की डोळेच गेले. उपचारांनी नजर परत आली, पण तोवर घरात कमाई शून्य आणि कर्ता माणूस आंधळा, अशी अवस्था होती. अशा वेळी नातेवाईक जे बोलतात ते इथेही बोलले असणार. मी ते उच्चारत नाही, तुमच्यापैकी अनेकांनी ते ऐकलेलं आहे.

आता भांडवल. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून. आपण गेलो तर बायकोमुलांना काही राहावं म्हणून माणूस विमा उतरवतो. तोच त्यांनी जिवंतपणी धंद्यात घातला. लंडनहून ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि थोडी विद्या घेऊन एप्रिलमध्ये परतले. आणखी पैसे हवे होते, आणि सावकाराला दाखवायला नुसता उत्साह चालत नाही. मग त्यांनी कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं. कॅमेरा त्यापुढे रोवला आणि जवळजवळ महिनाभर, थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेत बसले. पडद्यावर एका मिनिटात अंकुर फुटून वेल वर चढताना दिसला, तेव्हा कर्ज देणारे तयार झाले. धंद्याचं निवेदन याहून नेटकं मी तरी पाहिलेलं नाही. मात्र ते कर्जही पुरलं नाही. पुढे सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

आता त्या घरात काय चालायचं ते सांगतो, कारण माझं सगळं बोलणं इथेच येऊन टेकतं. त्या वेळी फिल्म कोरी यायची, कडेला भोकं नसलेली. ती भोकं घरी पाडायची, हाताने चालवायच्या यंत्रावर, अंधाऱ्या खोलीत. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. मी मागे कागदावर हिशेब मांडून पाहिला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. फुटाला १६ चौकटी आणि चौकटीला दोन्ही कडा मिळून ८ भोकं. म्हणजे साडेचार लाखांच्या वर भोकं झाली, आणि तीही फक्त पडद्यावर पोचलेल्या फिल्मला. वाया गेलेली फिल्म आणि प्रती वेगळ्याच. त्याशिवाय फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, उन्हात पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा. सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या, म्हणून तारामतीचं काम खानावळीत नोकरी करणाऱ्या साळुंक्यांनी केलं, ही गोष्ट आपण हसत हसत सांगतो. खानावळीतला माणूस पडद्यावर राणी झाला आणि घरची बाई सगळ्यांना जेवू घालत राहिली, ही तिची दुसरी बाजू आहे.

रोहिदास झाला तो त्यांचा स्वतःचा मुलगा, भालचंद्र. चित्रीकरण चालू असताना तो दगडावर पडला, डोक्याला खोक पडली, शुद्ध हरपली. चित्रीकरण थांबवावं असं काही जण म्हणाले. फाळक्यांनी औषधपाणी केलं आणि प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा असल्यामुळे बेशुद्ध मुलावरच तो चित्रित केला, असं सांगतात. हा किस्सा निष्ठेचा नमुना म्हणून ऐकवला जातो. मला तो तसा ऐकवत नाही. त्या क्षणी बाप कोण आणि मालक कोण, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं असतं का, याची मला शंका आहे. ज्यांच्या घराच्या ओसरीवरच दुकान असतं त्यांना हा पेच माहीत असतो. फक्त तो इतका उघडा क्वचितच पडतो. मात्र फाळके मुलांना नुसते राबवत होते असंही म्हणता येत नाही. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. या चित्रपटाची फिल्म बरीचशी टिकून आहे, जरूर बघा. ती पोरगी कॅमेऱ्यासमोर ज्या मोकळेपणाने खेळते, तो मोकळेपणा धाकात वाढलेल्या मुलाला येत नाही.

१९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथेच राहून चित्रपट काढा, असं त्यांना सुचवलं गेलं होतं. ते परत आले. तोवर सगळा पसारा नाशिकला हलला होता आणि तिथल्या कामगारांचा संसार यांच्यावर चालत होता. पाठोपाठ महायुद्ध आलं, पैसा लावणारे मागे सरले. १९१७ च्या ‘लंका दहन’ने हात दिला. राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! मग १९१८ मध्ये भागीदारांची हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली.

इथे मला फाळक्यांची बाजू पूर्ण घेता येत नाही. भागीदारी त्यांना मानवतच नव्हती. छापखान्यात बिनसलं, इथेही बिनसलं. दोन्हीकडचे भागीदार वाईट होते असं मानायला माझं मन तयार नाही. खर्चाचा हिशेब मागितला की त्यांना तो अविश्वास वाटे. स्वतःच्या जोरावर उभ्या राहिलेल्या माणसात हा दोष हटकून सापडतो. घरच्यांनी कधी हिशेब मागितलेला नसतो, त्यामुळे बाहेरच्याने मागितला की तो झोंबतो. कंपनी सोडून ते कुटुंबासह काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, पुन्हा चित्रपटांत आले. बोलपट आले तेव्हा साठी ओलांडली होती. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो कोल्हापूर सिनेटोनचा, म्हणजे परक्या भांडवलावरचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने १९६९ मध्ये सुरू केला.

चित्रपट किती काढले, कुठले टिकले, हे सगळं छापील मिळतं. ते मी मुद्दाम टाळलं. आता प्रश्न घेऊ. आणि सरस्वतीबाईंविषयी कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकलं असेल, तर त्यांनी आधी बोलावं. फाळक्यांवर बोलणारे आपण पुष्कळ आहोत.