गेम कळतो म्हणून पैसे लावले

१७ ऑक्टोबर २०२१, बुखारेस्ट. डोटा २ या ऑनलाइन टीम गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे द इंटरनॅशनल, तिची दहावी फायनल, आणि हॉलमध्ये प्रेक्षक नाहीत कारण कोविडमुळे तिकिटांचे पैसे परत करावे लागले. बक्षिसाची एकूण रक्कम ४ कोटी डॉलर. एका बाजूला चीनची पीएसजी एलजीडी, यंदा कप यांचाच असं जवळजवळ सगळेच धरून चालले होते, आणि समोर टीम स्पिरिट, ज्यातली बहुतेक पोरं या स्टेजवर पहिल्यांदाच आलेली. स्पिरिटने पहिले दोन गेम मारले, एलजीडीने पुढचे दोन काढले, आणि पाचव्यात स्पिरिटने आपल्या कोलॅप्स नावाच्या प्लेयरला मॅग्नस हा हीरो, म्हणजे गेममधलं पात्र, दिला आणि मग काय, संपलंच.

ज्यांनी एलजीडीवर पैसे लावले होते ते काही अडाणी लोक नव्हते बरं का. वर्षभर मॅचेस बघणारे, कोण कुठला हीरो कसा खेळतो हे तोंडपाठ असलेले, ड्राफ्ट, म्हणजे हीरोंची निवड, बघून गेमचा अंदाज बांधणारे लोक होते ते. आणि हा व्हिडिओ त्यांच्याचबद्दल आहे, कारण ईस्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांच्या, बेटिंगमध्ये सगळ्यात आधी अडकतो तो हाच माणूस, ज्याला गेम खरंच कळतो.

आता भाव कसा बनतो ते बघू. दोन टीम अगदी तोडीस तोड आहेत असं समजा. हिशोब सरळ ठेवला तर दोघांचाही भाव २.०० पाहिजे, म्हणजे १०० लावले आणि जिंकलात तर २०० परत. पण असा भाव कोणी देत नाही, समजा १.९० देतात. एकाने या टीमवर १०० लावले, दुसऱ्याने त्या टीमवर १००, बुकीकडे आले २००, कोणीही जिंकलं तरी तो देणार १९०, उरलेले १० त्याचे, मॅच न बघता. यात तुम्हाला फक्त बरोबरीत राहायचं असेल ना, तरी १०० पैकी साधारण ५३ अंदाज बरोबर यायला पाहिजेत, आणि तेही वर्षानुवर्षं. निम्म्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येऊनसुद्धा माणूस तोट्यात जाऊ शकतो, हे आकडे मांडल्याशिवाय पटत नाही.

आणि समजा कोणी खरंच सतत जिंकायला लागला, तर बरेच बुकी त्याची लिमिटच कमी करतात, म्हणजे अमुक रकमेच्या वर तुझा पैसा आम्ही घेणारच नाही. हरणाऱ्याला मात्र बोनस आणि फ्री बेटचे मेसेज येत राहतात. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

आता लाइव्ह बेटिंग, म्हणजे मॅच चालू असतानाच पैसे लावायचे. पहिला किल कोणाचा, डोटातला रोशान नावाचा राक्षस आधी कोण मारणार, काउंटर स्ट्राइक या बंदुकांच्या गेममध्ये पिस्तूल राउंड, म्हणजे फक्त पिस्तुलांवर खेळायचा सुरुवातीचा राउंड, कोणाचा, यातल्या प्रत्येक गोष्टीवर भाव निघतो. तुम्ही बघत असता तो स्ट्रीम उशिरा येतो, कधी काही सेकंद कधी काही मिनिटं, चीटिंग होऊ नये म्हणून तो मुद्दामच मागे ठेवलेला असतो. मोठ्या बुकींना मात्र डेटा कंपन्यांकडून गेमच्या सर्व्हरवरची माहिती थेट मिळते. तुम्ही टीमफाइट बघून खुर्चीतून उठेपर्यंत तिकडे भाव हलून मोकळा झालेला असतो, म्हणजे तुम्ही जे आत्ता होतंय समजून पैसे लावताय ते त्यांच्यासाठी होऊन गेलेलं आहे.

बरं, फुटबॉलचे नियम महिन्या-दोन महिन्याला बदलत नाहीत पण इथे पॅच, म्हणजे गेम बदलणारा अपडेट, येतो आणि कालचा ताकदवान हीरो आज कोणी उचलत नाही. टीम्स मोठ्या स्पर्धेआधी आपली खरी स्ट्रॅटेजी लपवून ठेवतात, सरावाच्या मॅचेस बंद दाराआड होतात. २०१८ मध्ये ओजी या डोटा टीमचं काय झालं आठवा, द इंटरनॅशनलच्या काही महिने आधी फ्लाय आणि एसफोर टीम सोडून गेले, मग उरलेल्यांनी नवीन माणसं घेतली, ओपन क्वालिफायरमधून, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या पात्रता फेरीतून, वर आले, आणि व्हँकुव्हरला जाऊन फायनलमध्ये याच एलजीडीला ३-२ ने हरवलं. बाहेर बसून हे कोणाला दिसणार होतं? ज्याला सराव कसा चाललाय ते माहीत होतं त्याला थोडंफार दिसलं असेल. म्हणजे पैसे मिळवून देऊ शकेल अशी माहिती एकतर टीमच्या आत असते, नाहीतर टीमच्या जवळच्या माणसांकडे, आणि ती वापरून पैसे लावायला त्यांना स्पर्धांच्या नियमांनी बंदी असते.

इथूनच फिक्सिंगचा रस्ता सुरू होतो.

सुरुवात फार जुनी आहे. २०१० मध्ये कोरियात स्टारक्राफ्ट या गेमच्या प्रो लीगमध्ये मॅच फिक्सिंग उघड झालं, सेव्हियरसारख्या त्या काळातल्या मोठ्या चॅम्पियनवर आजन्म बंदी आली. लोक म्हणाले आता धडा मिळाला. २०१६ मध्ये लाइफ पकडला गेला, हा पोरगा २०१४ चा स्टारक्राफ्ट २ चा वर्ल्ड चॅम्पियन, दोन मॅच मुद्दाम हरायचे त्याने ७ कोटी वॉन घेतले होते. कोर्टाने तेवढाच दंड केला आणि दीड वर्षाची शिक्षा स्थगित ठेवून सुनावली. त्याचे जुने गेम आजही बघवत नाहीत मला, इतकं सुंदर खेळायचा.

डोटाच्या चॅटमध्ये कोणी खराब खेळलं की लोक ३२२ ३२२ टाकतात ते तुम्ही पाहिलं असेल. २०१३ मध्ये सोलो नावाच्या रशियन प्लेयरने स्वतःच्याच टीमविरुद्ध १०० डॉलर लावले, भाव होता ३.२२, म्हणजे हातात येणार ३२२ डॉलर. एवढ्यासाठी. आधी आजन्म बंदी, मग ती एक वर्षावर आली, पुढे तो व्हर्टस प्रोचा कॅप्टन झाला, मोठ्या स्पर्धा जिंकला, पण तो आकडा काही सुटला नाही.

आणि मग स्किन्स. २०१३ मध्ये काउंटर स्ट्राइकमध्ये बंदुकांच्या रंगीत स्किन्स आल्या, त्यांची खरेदी-विक्री व्हायला लागली, आणि बघता बघता अशा साइट्स निघाल्या जिथे रोख पैशाऐवजी स्किन लावायची. वय विचारणार कोण, शाळेतली पोरं लावत होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतली एक तगडी टीम, आयबायपॉवर, कमजोर टीमकडून १६-४ अशी हरली. जानेवारी २०१५ मध्ये ती मुद्दाम हरल्याचे पुरावे बाहेर आले, मोबदला स्किन्समध्ये मिळाला होता, आणि डोटा २ आणि काउंटर स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात सामील असलेल्यांना आपल्या स्पर्धांमधून बाद केलं, वर्षभराने सांगितलं की ही बंदी कायमची. स्पर्धा भरवणाऱ्या ईएसएल कंपनीने २०१७ मध्ये आपली बंदी उठवली पण व्हॉल्व्हच्या मेजर स्पर्धांचं दार बंदच राहिलं. ऐन उमेदीतली वर्षं गेली त्यांची. स्किन बेटिंगच्या साइट्सना व्हॉल्व्हने नोटिसा पाठवल्या २०१६ च्या जुलैमध्ये, आणि एवढा उशीर का याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलं नाही.

त्याच वर्षी फिक्सिंगवर नजर ठेवणारं आजचं ईस्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशन सुरू झालं. काही बुकी त्यांच्याबरोबर काम करतात, एखाद्या मॅचवर अचानक विचित्र पैसा आला की कळवतात. मोठ्या फायनलमध्ये हे जमतं, तिथे हजार डोळे असतात आणि प्लेयरला हरण्यापेक्षा जिंकण्यात जास्त पैसा असतो. टीम स्पिरिटच्या वाट्याला बुखारेस्टमध्ये १ कोटी ८२ लाख डॉलर आले, त्यांना कोण काय देऊन विकत घेणार? पण तीच स्पर्धा गाठायला खाली ज्या क्वालिफायर मॅचेस होतात, घरी बसून ऑनलाइन, प्रेक्षक मोजके, प्लेयरला पगार नाही किंवा असला तर वेळेवर नाही, त्यांच्यावरही भाव निघतो. मार्च २०२० मध्ये जगभरचे खेळ बंद पडले तेव्हा बुकींना लोकांचे पैसे लावून घ्यायला काहीतरी पाहिजेच होतं, अमेरिकेतल्या नेवाडासारख्या राज्याने काउंटर स्ट्राइकच्या ईएसएल प्रो लीगवर बेटिंगला परवानगी दिली, आणि ईस्पोर्ट्सकडे नवीन पैसा वळला.

टेनिसमध्येही नेमका हाच घोळ होता. २०१८ मध्ये तिथल्या स्वतंत्र चौकशी समितीने सांगितलं की सगळ्यात खालच्या लेव्हलच्या स्पर्धांचा लाइव्ह डेटा बेटिंगसाठी विकणं थांबवा. ईस्पोर्ट्समध्येही तेच व्हायला पाहिजे. क्वालिफायरच्या पिस्तूल राउंडवर भाव निघायचं काहीच कारण नाही, आणि जी स्पर्धा आपला डेटा बेटिंगला विकते तिने त्या पैशातला वाटा या खालच्या टीमच्या पोरांच्या पगारात घालावा, आणि तो वेळेवर द्यावा.