रोमिओ-ज्युलिएटला नकार दिला तरी कोणी?

नमस्कार मंडळी! ओव्हिडवरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा चाललाय. "ताई, पिरॅमस-थिस्बी आणि रोमिओ-ज्युलिएट म्हणजे एकच गोष्ट ना? घरच्यांचा विरोध, मग गैरसमज, मग दोघं मरतात. शेक्सपिअरने ढापली." बरं, आज होऊनच जाऊ दे.

गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, तरी भराभर सांगते. ओव्हिड, रोमन कवी, 'मेटॅमॉर्फसिस'चा चौथा भाग, इसवी सन 8च्या सुमारास. बॅबिलॉन. दोन घरं, मधे सामायिक भिंत, भिंतीला फट. फटीतून कुजबुजत ठरतं की रात्री नायनसच्या थडग्यापाशी, तुतीखाली भेटायचं. थिस्बी आधी पोचते, सिंहीण येते, ही पळते, ओढणी पडते. शिकार करून आलेली सिंहीण रक्ताळलेल्या तोंडाने ती फाडते. पिरॅमस उशिरा येतो, ओढणी बघतो, तलवार खुपसून घेतो. थिस्बी परत येते, तीही त्याच तलवारीवर. पांढरी तुती तेव्हापासून काळी. आणि रोमिओ-ज्युलिएट, साधारण 1595, व्हेरोना. इटलीतल्या त्या गावात दोन वैरी घराणी, मुलगा माँटेग्यूंचा, मुलगी कॅप्युलेटांची. बाकी मी सांगत बसत नाही.

ढापण्याचं म्हणाल, तर शेक्सपिअरसमोर मुख्यतः आर्थर ब्रूकचं रोमिओ-ज्युलिएटवरचंच 1562चं काव्य होतं, आणि त्याच्यामागे बांडेलो, दा पोर्तो वगैरे इटालियन मंडळी. ओव्हिडही त्याने वाचला होता आणि ते तो लपवत नाही. नाटकात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ त्याची टर उडवताना थिस्बीचं नाव चक्क घेतो. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' महाभारतावरून लिहिलं, त्याला कोणी चोरी म्हणतं का? पुढे.

आता माझं खरं दुखणं. "घरच्यांचा विरोध." ओव्हिडमध्ये तो आहे. त्यांचं लग्न झालंही असतं, पण बापांनी मना केलं. का केलं? कवी एक अक्षर सांगत नाही. एवढं बोलून लगेच भिंतीच्या फटीकडे वळतो.

पण रोमिओ-ज्युलिएटला नाही कोण म्हणालं? नाटक उघडून तो प्रसंग दाखवा मला. नाहीच आहे! दोघांच्या आईबापांना हे प्रकरण कळतं ते मुलं गेल्यावर, थडग्यात. विचारलंच नाही कोणी, तर नाही कोण म्हणणार?

उलट बाजूने बघा. कॅप्युलेटकडच्या मेजवानीत रोमिओ मुखवटा घालून घुसतो. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट त्याला आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागतो. ज्युलिएटचा बाप काय म्हणतो? की पोरगा सभ्य आहे, सगळं व्हेरोना त्याची तारीफ करतं, गावची सगळी दौलत दिली तरी माझ्या घरात मी त्याचा अपमान होऊ देणार नाही. हे बोलतोय तो मुलीचा बाप, शत्रूच्या मुलाबद्दल!

आणि हाच बाप पहिल्या अंकात पॅरिसला (शहर नव्हे, ज्युलिएटला आलेलं स्थळ) सांगतो की मुलगी लहान आहे, दोन वर्षं थांब, आधी तिचं मन जिंक, माझा होकार तिच्या होकारानंतर. तिसऱ्या अंकात तो खवळतो, "भीक माग, उपाशी मर" म्हणतो, तो प्रसंग सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. पण तो रोमिओवरून खवळलेला नाहीच, बाबांनो! ती पॅरिसला नाही म्हणते म्हणून खवळलाय. ती रडतेय टिबॉल्ट मेला म्हणून, असंच त्या घरात समजतात. तिचं रोमिओशी गुपचूप लग्न आदल्याच दिवशी झालंय हे बापाच्या गावी नाही.

मला माहीत आहे, आता कोणीतरी लिहिणार, "ताई, विचारलं असतं तर टिबॉल्टने कापलाच असता." शक्य आहे. ज्युलिएट स्वतः म्हणते की माझे लोक तुला बघतील तर मारतील. पण ते वैर झालं, मनाई नाही. मनाई एका माणसाने करायची असते, ती मोडता येते, पाया पडून मागेही घ्यायला लावता येते. वैराला पाया कुणाच्या पडणार?

म्हणून सगळं चोरून, आणि चोरून करायचं तर मधे माणसं लागतात. दाई, फ्रायर (म्हणजे ख्रिस्ती साधू) लॉरेन्स, ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने नुसती झोपलीय हे रोमिओला कळवणारी चिठ्ठी, ती चिठ्ठी नेणारा दुसरा फ्रायर. तो प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि चिठ्ठी मांटुआला, हद्दपार झालेल्या रोमिओकडे, पोचतच नाही. लंडनची नाट्यगृहं 1592 ते 1594 बहुतेक काळ प्लेगने बंद होती. प्रेक्षकांना हे समजावून सांगावं लागलं नसणार. ओव्हिडकडे मधे कोणीच नाही. दोघं आणि एक सिंहीण. म्हणून पिरॅमस स्वतःलाच बोल लावतो की मीच तुला रात्री बोलावलं, मीच आधी आलो नाही. रोमिओ ताऱ्यांना आव्हान देतो.

आणि "दोघांचा गैरसमज एकच" हेही नको. पिरॅमसपुढे मरणाचा खोटा पुरावा आहे, रक्ताची ओढणी. रोमिओपुढे जिवंतपणाचा खरा पुरावा आहे. तो तोंडाने बोलतो की तुझे ओठ आणि गाल अजून लाल आहेत! आणि ते सौंदर्य समजून विष पितो. मी दर वेळी इथे पुस्तकाला ओरडते, अरे थांब की जरा!

शेक्सपिअरने त्याच सुमाराला थिस्बीची टिंगलही केलीय, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये. गावचे कारागीर पिरॅमस-थिस्बीचं नाटक बसवतात आणि त्यात भिंतीचं काम एक माणूस करतो. कॉलेजात ते काम माझ्याकडे होतं. अंगाला चुना, दोन बोटं फाकवून फट. थिस्बी झालेल्या मुलाला आदल्या दिवशी मिशी काढायला सांगितली होती, त्याने काढली नाही, आणि तो फटीतून बोलायला लागला की माझ्या बोटांना गुदगुल्या. पण मेलेला पिरॅमस उठून म्हणतो की यांच्या बापांमधली भिंत आता पडली, तिथे हसता हसता मला कसंतरीच झालं होतं.

व्हेरोनात पडली का ती? शेवटी बघा. ओव्हिडकडे दोघांची राख एका कलशात. व्हेरोनात माँटेग्यू म्हणतो, मी ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. कॅप्युलेट लगेच, मग तिच्याशेजारी रोमिओचाही तेवढाच भारी. अहो, पोरं अजून समोर पडलीयत, आणि इथेही बरोबरी!

हीरो-लिअँडर या ग्रीक प्रेमकथेची फर्माईश खूप आलीय. इंग्रज कवी मार्लोच्या काव्यासकट पुढच्या वेळी घेऊ. आणि रोमिओच्या बापाने नकार दिल्याचा प्रसंग कोणाला सापडलाच, तर अंक आणि प्रवेश टाका कमेंटमध्ये. नुसतं "सिनेमात होतं" चालणार नाही.