मार्लेच्या आधीचं रेगे: आइस्क्रीमवाला, वेल्डर आणि एक मेलेला घोडा

रेगे म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो गोव्यात बीचवरच्या दुकानात लटकलेला टी-शर्ट, त्यावर बॉब मार्लेचा चेहरा, खाली लाल-पिवळा-हिरवा पट्टा. मार्ले मोठाच होता, त्यावर वाद घालायला मी आलेलो नाही, पण आज त्याला जरा बाजूला बसवूया. त्याचा 'कॅच अ फायर' अल्बम आला १९७३ ला. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं, १९६८ पासून पुढची, त्यात जमैकाच्या राजधानीतून, किंग्स्टनमधून, जी गाणी निघाली आणि लंडनला जाऊन चार्टवर चढली ती मला तुम्हाला ऐकवायचीयेत. आणि एक गोष्ट मी सारखी सांगत राहणारे, कंटाळू नका, की ही गाणी जगाला शहाणं करायला म्हणून कोणी केली नव्हती. दुकानदारांनी केली, दुकानात विकायला. वाजवली गाण्यामागे ठरलेले पैसे घेणाऱ्या वादकांनी. संदेश-बिंदेश बराचसा नंतर.

आधी एक गोंधळ मिटवतो. वेस्ट इंडिजचं संगीत म्हणजे कॅलिप्सो असं आपल्या डोक्यात बसलंय, त्याचं कारण गावसकर. १९७१ चा दौरा, ७७४ रन, आणि मग लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर केलेलं ते गाणं. पण ते त्रिनिदादचं, आणि त्रिनिदाद किंग्स्टनपासून मुंबई-कोलकात्याइतकं लांब, जास्तच. किंग्स्टनची वेगळीच दुनिया. त्याच दौऱ्यात फेब्रुवारीत सबाइना पार्कवर सरदेसाई २१२ काढत होता (गावसकर ती मॅच खेळला नव्हता, बोट दुखावलेलं), ते मैदान किंग्स्टनमधलं, आणि तेव्हा त्याच शहरातल्या स्टुडिओंमधे मी आज वाजवणारे त्यातली मंडळी रोज काम करत होती. क्रिकेटचं निघालंच आहे तर अजून एक, किंग्स्टनमधल्या स्टुडिओ वन ह्या रेकॉर्डिंग स्टुडिओचा मालक क्लेमंट डॉड, ज्याला सगळे कॉक्सन म्हणायचे, त्याला ते नाव पडलं यॉर्कशायरच्या अ‍ॅलेक कॉक्सन नावाच्या खेळाडूवरून, कारण शाळेत डॉड क्रिकेट चांगलं खेळायचा.

तर किंग्स्टन. तिथे रेडिओपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे साउंड सिस्टिम, म्हणजे कपाटाएवढे स्पीकर ट्रकमधे टाकायचे, एखाद्या मोकळ्या अंगणात लावायचे, तिकीट, बिअर, नाच. डॉडची सिस्टिम एक, ड्यूक रीडची दुसरी, हा रीड आधी पोलिसात होता आणि नंतर दारूचं दुकान चालवायचा. सुरुवातीला अमेरिकन रेकॉर्डी वाजवायचे, मग त्या मिळेनात तेव्हा स्वतःच रेकॉर्ड करायला लागले. आधी स्का झालं, जोरात पळणारं, मग १९६६ च्या सुमारास ते मंदावलं त्याला रॉकस्टेडी म्हणायला लागले, आणि १९६८ मधे परत काहीतरी हललं. नक्की पहिलं रेगे गाणं कुठलं ह्यावर तिथले म्हातारे अजून भांडतात. लॅरी मार्शल आणि अल्विनचं 'नॅनी गोट' म्हणणारे बरेच आहेत, मीही त्याच बाजूचा.

ठेका कसा ते एकदा हाताने करून बघा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चार मोजा. दोन आणि चारवर गिटार, तुटक, छाटल्यासारखी, झालं की लगेच तार दाबून आवाज बंद. ड्रमचा दणका तीनवर. आणि एकवर, जिथे आपल्या भजनात सम येते आणि सगळी सभा टाळी देते, तिथे ड्रमवाला गप्प. आपला कान सारखा तिथे पाय टाकायला जातो आणि पायरीच नसते. त्या रिकाम्या जागेत बेस फिरतो, आणि वर ऑर्गन बुडबुड्यांसारखा चालू. हा ऑर्गन म्हणजे १९६८-६९ ची खूण, तो ऐकला की साल सांगता येतं.

आता आइस्क्रीमवाला. ऑरेंज स्ट्रीटवर काँग बंधूंचं 'बेव्हर्लीज' होतं, चिनी वंशाचे जमैकन, आइस्क्रीम पार्लर आणि रेकॉर्डचं दुकान एकत्रच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका रात्री दुकान बंद करायच्या वेळेला एक कोवळा पोरगा आत शिरला आणि म्हणाला गाणं आणलंय, 'डियरेस्ट बेव्हर्ली', म्हणजे दुकानाच्या नावावरून रचलेलं, मस्का किती उघड बघा. भाऊ हसले. लेस्ली काँग नाही हसला, त्याला आवाज आवडला, आणि संगीतातलं काही न शिकलेला हा माणूस प्रोड्यूसर झाला. तो पोरगा म्हणजे जिमी क्लिफ.

त्याच काळात दोन वेल्डर एकाच वर्कशॉपमधे कामाला होते. एक डेस्मंड डेकर, लहानपणीच पोरका झालेला, ज्याला डॉड आणि रीड दोघांनीही परत पाठवलं होतं. काँगने ठेवून घेतलं. मग डेकरने दुसऱ्या वेल्डरला सांगितलं तूही जा, तो गेला, १९६२ मधे काँगने त्याचं पहिलं गाणं काढलं. दुसरा वेल्डर म्हणजे मार्ले. म्हणालो ना बाजूला बसवू, पण मधेमधे उठतोच तो.

डेकरचं 'इस्रायलाइट्स' आत्ता ऐकूया. ... ऐकलंत? सुरुवातीला जवळजवळ नुसता आवाज, लांबवलेला, प्रार्थनेसारखा, आणि मग एकदम ठेका पडतो. गाण्यात काय आहे, तर सकाळी उठतो, पोटासाठी राबतो, बायको पोरं घेऊन निघून गेली, शर्ट फाटलाय, पँटचीही तीच गत, आणि तरी बॉनी आणि क्लाइडसारखा शेवट व्हायला नको म्हणतो, तो सिनेमा तेव्हा नुकताच येऊन गेलेला. डेकर सांगायचा की पार्कातून चालताना एक जोडपं पैशावरून भांडताना ऐकलं, ती म्हणतेय पैसे लागणारेत, तो म्हणतोय माझ्या कामात तेवढे सुटत नाहीत, आणि घरी पोचेपर्यंत गाणं डोक्यात तयार होतं. मला ह्या गाण्याचं कौतुक ह्यासाठी वाटतं की त्यात तक्रार आहे पण रड नाही, आवाज एवढा उंच आणि मजेत की इंग्लंडमधल्या लोकांना अर्धे शब्दही कळले नाहीत, काय वाट्टेल ते ऐकू आलं त्यांना, तरी १९६९ च्या एप्रिलमधे ते तिथे नंबर १ झालं. मग अमेरिकेतही नवव्या नंबरपर्यंत. जमैकात रेकॉर्ड झालेल्या गाण्याला हे तोपर्यंत जमलं नव्हतं.

काँगकडेच टूट्स हिबर्ट, मेटल्स ह्या त्रिकुटाचा गायक. 'डू द रेगे' १९६८ चं, रेकॉर्डवर तो शब्द पहिल्यांदा आला तो इथे. पण टूट्स ऐकायचा तर '५४-४६ दॅट्स माय नंबर' ऐका. गांजाच्या प्रकरणात तो तुरुंगात जाऊन आला होता, बाहेर आल्यावर कैद्याच्या नंबरचं गाणं केलं. आणि गातो कसा, तर चर्चमधे वाढलेल्या माणसासारखा, ओरडतो, थांबतो, बँडला हुकूम सोडतो. दुःखी गाणं नाहीये ते, आपल्याकडे असतं तर सारंगी लावली असती.

भांडणांचीही गाणी व्हायची, आणि ती तुफान खपायची. ली पेरी हा गायक-प्रोड्यूसर डॉडकडे राबला, पटलं नाही, सोडलं. मग जो गिब्ज ह्या दुसऱ्या प्रोड्यूसरकडे गेला, तिथेही पटलं नाही, आपल्याला वापरून घेतलं असं वाटलं, सोडलं. १९६८ मधे त्याने 'पीपल फनी बॉय' काढलं, सरळ गिब्जला टोमणे, आणि मधेमधे रडणाऱ्या बाळाचा आवाज घातलाय. बाळ का? तर कांगावा करणाऱ्याला चिडवायला. गिब्जने काय करावं, त्याच चालीवर पायोनियर्स ह्या गायकांच्या ग्रुपकडून उलट उत्तराचं गाणं काढलं. दोन्ही रेकॉर्डी एकाच रस्त्यावर विकायला, लोक दोन्ही घेतायत, म्हणजे भांडण दोघांचं आणि गल्ला दोघांचाही.

ह्याच पायोनियर्सचा तो घोडा. किंग्स्टनजवळ केमॅनस पार्क म्हणून रेसकोर्स आहे, तिथे लाँग शॉट नावाचा घोडा होता, खूप वर्षं धावलेला, लोकांचा लाडका. १९६८ मधे त्याच्यावर एक गाणं झालं होतंच. मग तो शर्यतीतच पडून मेला, आणि १९६९ मधे पायोनियर्सनी काँगसाठी 'लाँग शॉट किक द बकेट' केलं. घोडा गेला त्याचं दुःख आहे, पण त्याहून जास्त दुःख लावलेले पैसे गेले ह्याचं. महालक्ष्मीला जाऊन आलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. इंग्लंडमधे हेसुद्धा २१ व्या नंबरपर्यंत गेलं, तिथल्या लोकांना घोडा माहीत नाही, रेसकोर्स माहीत नाही, तरी.

आता तिथे ही गाणी पोचवली कोणी? ट्रोजन रेकॉर्ड्स, १९६८, लंडन. नाव आलं ड्यूक रीडच्या ट्रोजन ट्रकवरून. आणि कंपनीमागचा मुख्य माणूस ली गोपथल, जमैकात जन्मलेला, भारतीय वंशाचा. १८४५ पासून इथून करारावर मजूर नेले होते जमैकात उसाच्या मळ्यांवर, त्या समाजातला. शिक्षणाने अकाउंटंट, हिशेबाचा माणूस. त्याने काय ओळखलं की लंडनमधे जमैकन लोक आहेत, त्यांना घरची गाणी पाहिजेत, मग दुकानं काढली, स्वस्तातल्या एलपी काढल्या. आणि गंमत म्हणजे गोरी कामगार वस्तीतली पोरंही घ्यायला लागली, स्किनहेड. आपल्याला ती नंतरची वंशद्वेषी टोळकी आठवतात, पण १९६९ मधे ही पोरं शनिवारी रात्री काळ्या पोरांच्या बरोबरीने ह्याच गाण्यांवर नाचत होती. बीबीसी मात्र फारसं वाजवायचं नाही. मॅक्स रोमिओ ह्या गायकाच्या 'वेट ड्रीम'वर, म्हणजे स्वप्नदोष, तर बंदीच घातली. तो म्हणाला अहो गाणं गळक्या छपराबद्दल आहे, आणि हे त्याने चेहरा सरळ ठेवून सांगितलं. गाणं बंदीसकट दहाव्या नंबरवर.

ट्रोजनचं एक मला आवडत नाही ते सांगूनच टाकतो. किंग्स्टनहून आलेल्या टेपवर लंडनमधे व्हायोलिनं चढवायचे, रेडिओला गोड वाटावं म्हणून. बॉब अँडी आणि मार्सिया ग्रिफिथ्सचं 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक', मूळ गाणं नीना सिमोनचं, १९७० मधे पाचव्या नंबरवर गेलं, पण शक्य असेल तर व्हायोलिनं नसलेलं ऐका. मार्सियाच्या आवाजाला कसल्याही साखरेची गरज नव्हती.

ते गाणं काढणारा हॅरी जॉन्सन. हा आधी विमा एजंट होता. खरंच. १९६९ मधे त्याने 'लिक्विडेटर' काढलं, गायक नाही, विन्स्टन राइटचा ऑर्गन आणि खाली बॅरेट बंधूंचा बेस आणि ड्रम. नवव्या नंबरवर गेलं, आणि मग इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर वाजायला लागलं, चेल्सी, वेस्ट ब्रॉम, वुल्व्ज. पुढे दोन ठिकाणी पोलिसांनी विनंती केली की वाजवू नका, कारण त्या चालीत पब्लिक शिव्या बसवतं. १९७२ मधे अमेरिकेत स्टेपल सिंगर्सचं 'आय'ल टेक यू देअर' नंबर १ झालं, त्याची सुरुवात आणि 'लिक्विडेटर'ची सुरुवात लागोपाठ लावतो, तुम्हीच ठरवा. ... काय म्हणता? बरोबर. जॉन्सनने मिळालेल्या पैशातून स्टुडिओ बांधला, आणि 'कॅच अ फायर'मधलं काही तिथे रेकॉर्ड झालं, तेच बॅरेट बंधू घेऊन. म्हणजे तुमचा टी-शर्ट फुटबॉलच्या गाण्यावर उभा आहे.

'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' सगळ्यांना येतं, बोनी एमचं, घरोघरी कॅसेट होती. ते १९७८ चं. मूळ मेलोडियन्सचं, १९७०, परत काँग. बायबलमधलं स्तोत्र, पण त्यात रास्ताफारी ह्या जमैकन पंथाच्या लोकांचे शब्द घातलेले. गायक ब्रेंट डाऊ सांगायचा की जमैकात आधी रेडिओवर बंदी आली, तेव्हा काँग म्हणाला अहो हे शब्द बायबलचेच आहेत, मग सुटलं. मूळ ऐकलं तर कळतं की ते गाणं नाचायचं नाहीच, तिघं जण हळू चालत गेल्यासारखं आहे. बोनी एमने त्यात इतका उत्साह भरलाय की परागंदा झालेल्यांचं गाणं सहलीचं वाटतं.

मघाशी कोणीतरी मागून विचारलं की एवढे पैसे गेले कुठे. बहुतेक गायकांना गाण्यामागे एकरकमी काहीतरी मिळायचं, वादकांना तर तेवढंच, रॉयल्टीचा कागद असला तर नशीब. इंग्लंडमधे किती खपलं ते किंग्स्टनला कळायचंच नाही. डेकर नंतर इंग्लंडला जाऊन राहिला आणि १९८४ मधे दिवाळखोर जाहीर झाला. काँगलाही फार वेळ मिळाला नाही, १९७१ च्या ऑगस्टमधे हार्ट अटॅकने गेला, चाळिशीही गाठली नव्हती. त्याने मार्लेच्या वेलर्स ह्या ग्रुपची गाणी 'बेस्ट ऑफ' नावाने काढायचं ठरवलं तेव्हा त्यातल्याच बनी वेलरने शाप दिला वगैरे गोष्ट सांगतात, ती मी सोडून देतो.

शेवटचं 'डबल बॅरल', मे १९७१ मधे इंग्लंडमधे नंबर १. डेव्ह आणि अँसेल कॉलिन्स असं नाव, लोकांना वाटायचं भाऊ आहेत, पण अँसेल कॉलिन्स कीबोर्डवाला आणि डेव्ह म्हणजे डेव्ह बार्कर, जो गात नाही, नुसता स्वतःची तारीफ ओरडतो. ड्रमवर स्लाय डनबार, तेव्हा जेमतेम अठराचा, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जमैकातल्या निम्म्या रेकॉर्डींवर हा असेल असं वाटावं इतकं वाजवलं त्याने. गायकाकडे लक्ष देऊ नका, ड्रम ऐका. कोणीतरी तो मागचा पंखा बंद करा जरा, बेस ऐकू आला पाहिजे.