देवरुखच्या पार्वतीबाई

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबई-गोवा रस्त्यानं येताना संगमेश्वरला आत वळलं की देवरूख. तिथल्या जोश्यांच्या या दोन मुली, थोरली गोदू आणि धाकटी कृष्णा. गोदू लहानपणीच विधवा झाली. पुढं १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तेव्हा कर्व्यांच्या मुरुड गावानं या जोडप्यावर कसा बहिष्कार घातला ते दापोलीकडच्या मंडळींना मी काय सांगू! त्याच या बाया कर्वे. मला बोलायचंय ते धाकटीबद्दल.

कृष्णाचा जन्म १८७० सालचा. अकराव्या वर्षी ती आठवल्यांच्या घरात गेली आणि पार्वती झाली. विसाव्या वर्षी नवरा वारला. पदरात एक मुलगा, अंगावर आलवण, केस गेलेले. अशी एखादी आत्या नाहीतर काकू तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत असायची. पहाटेपासून रांधायचं, उन्हाळाभर आमसुलं नि साठं घालायची, आणि घरात मंगलकार्य निघालं की माजघरात बसून राहायचं. पार्वतीबाईंचंही तेच झालं असतं. पण बहीण पुण्यात होती. तिच्याकडे जाऊन त्या शिकायला बसल्या. आईपणाच्या वयात मुळाक्षरं गिरवली.

कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९००मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. पार्वतीबाई आधी तिथं शिकल्या, मग तिथंच काम करू लागल्या. पण आश्रम चालायचा कशावर? वर्गणीवर. मग या बाई झोळी घेऊन गावोगाव निघाल्या. चार माणसांत तोंड उघडायची सवय नसलेली ही बाई सभांमधून भाषणं करू लागली. मला वाटतं, सोवळ्या बाईचा तो वेष पाहूनच जुन्या वळणाची काही दारं उघडली असतील. सुधारकाला जिथं पाणीही मिळालं नसतं, तिथं यांना निदान पाटावर बसवून ऐकून घेत असतील.

आणि मग १९१२च्या सुमारास त्यांनी केशवपन बंद केलं. एवढी वर्षं लोकांसमोर वावरलेल्या बाईनं केस वाढवायचे म्हणजे आधीच्या देणगीदारांची नाराजी ओढवून घेणं. टीका झालीच. त्यांनी ती सोसली.

त्यांची सगळीच मतं आज पटतील असं नाही. बाईच्या शिक्षणाच्या मध्यभागी घर असावं, असं त्या शेवटपर्यंत मानत. मात्र स्वतः घरात बसल्या नाहीत. इंग्रजी येत नाही ही सल होती, म्हणून १९१८ साली, अठ्ठेचाळिशीत, त्या थेट अमेरिकेला गेल्या. पैसे पुरेनात, तेव्हा परक्यांच्या घरी मोलकरणीचं काम धरलं. सोवळ्यात वाढलेली देवरुखची ब्राह्मण बाई तिथं खरकटी भांडी घासत होती आणि कामाच्या धबडग्यातच इंग्रजी कानावर घेत होती!

हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहिलंय. १९३० साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. भाषा अगदी साधी, ओटीवर बसून सांगावी तशी. गावच्या वाचनालयात जुन्या कपाटात कुठं सापडलं, तर अमेरिकेची प्रकरणं आधी काढा.

नमस्कार.