त्रोमलँ बेटावरची तांब्याची भांडी

श्रोतेहो, नमस्कार.

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ४५० किलोमीटरवर, हिंदी महासागरात, त्रोमलँ नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर असून त्यावरील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून फार तर सात मीटर आहे. वाळू, प्रवाळाचे खडक आणि थोडी झुडपे सोडली तर तिथे आडोसा म्हणून काही नाही, आणि वादळांचा तडाखा मात्र वरचेवर बसतो.

३१ जुलै १७६१ च्या रात्री फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘यूतिल’ हे जहाज या बेटाभोवतीच्या खडकांवर आदळून फुटले. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातल्या सप्तवार्षिक युद्धाचे ते दिवस होते. इंग्रज नाकेबंदी करतील आणि धान्य अपुरे पडेल, या भीतीने, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या मोरिशसच्या गव्हर्नरने नवे गुलाम आणण्यास बंदी घातली होती. कप्तान लाफार्ग याने ती धाब्यावर बसवून मादागास्करच्या फूलपॉइंट बंदरात सुमारे १६० मालागासी, म्हणजे मादागास्करचे, स्त्री-पुरुष विकत घेतले होते. जहाजावरच्या दोन नकाशांत बेटाची जागा वेगवेगळी दाखवलेली असतानाही त्याने रात्री शिडे उतरवली नाहीत. खलाशांपैकी बहुतेक जण किनाऱ्याला लागले. गुलाम मात्र तळघरात कोंडलेले होते आणि झडपा बंद होत्या. जहाजाचा सांगाडा मोडला तेव्हाच त्यांना वाट मिळाली, आणि तोवर कित्येक जण बुडाले होते. जे वाचले त्यांच्यातलेही काही जण, विहिरीला पाणी लागेपर्यंतच्या दिवसांत, तहानेने गेले.

कप्तान खचल्यामुळे त्याचा दुय्यम अधिकारी कास्तेलाँ याने सूत्रे हाती घेतली आणि फुटक्या जहाजाच्या लाकडातून दोन महिन्यांच्या आत एक नाव बांधून घेतली. या कामात मालागासी लोकांनीही कष्ट उपसले. २७ सप्टेंबरला ती नाव निघाली, तेव्हा तीत फक्त फ्रेंचांना जागा होती. सुमारे ६० मालागासींना तीन महिन्यांची शिधासामग्री आणि परत येण्याचे वचन देऊन मागे ठेवण्यात आले. कास्तेलाँने ते वचन पाळण्यासाठी वारंवार विनवण्या केल्या. गव्हर्नर देफोर्ज-बुशे याने जहाज देण्यास नकार दिला. हा नकार मला त्या आपत्तीपेक्षाही क्रूर वाटतो, कारण वादळाला वा खडकाला बुद्धी नसते, गव्हर्नरला होती.

अखेर २९ नोव्हेंबर १७७६ रोजी, पंधरा वर्षांनंतर, त्रोमलँ नावाच्या अधिकाऱ्याचे ‘दोफीन’ हे जहाज तिथे पोचले आणि त्याचेच नाव पुढे बेटाला पडले. त्याला सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचे एक मूल भेटले. मोरिशसमध्ये त्यांना स्वतंत्र ठरवण्यात आले. मुलाचे नाव झाक मोईझ, म्हणजे बायबलमधल्या, पाण्यातून वाचलेल्या मोझेसवरून, ठेवले गेले. त्याची आई त्सिमियाव्हो हिला एव्ह आणि आजीला दोफीन ही नवी नावे मिळाली.

त्या पंधरा वर्षांत बेटावर काय घडले, हे स्त्रियांच्या तोंडून फारसे नोंदले गेले नाही. म्हणूनच फ्रेंच नौदलातून निवृत्त झालेले पुरातत्त्वज्ञ माक्स गेरू यांच्या पथकाने २००६ ते २०१३ या काळात केलेल्या चार मोहिमांना मी फार मोल देतो. पाणबुड्यांना खडकावर नांगर आणि तोफा आढळल्या. पण खरा ठेवा वर, वाळूखाली होता. प्रवाळाचे दगड रचून बांधलेली, जाड भिंतींची घरे तिथे उघडी पडली. मालागासी परंपरेत घरे लाकडाची व गवताची असत आणि दगडाचे बांधकाम मृतांच्या थडग्यांसाठी राखलेले असे. तेव्हा वादळातून तगण्यासाठी या माणसांनी थडग्यासारख्या भिंतींच्या आत राहणे पत्करले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दगडांकडे बघण्याची आपली नजरच बदलते. कासवांची आणि सुरय जातीच्या समुद्रपक्ष्यांची हाडे ढिगांनी सापडली, त्यावरून त्यांचे अन्न कळते. सुटका झाली तेव्हा स्त्रियांच्या अंगावर पिसांची विणलेली वस्त्रे होती, असेही नोंदलेले आहे.

सर्वांत बोलकी आहेत ती जहाजातून मिळवलेली तांब्याची भांडी. डाग देण्याची सोय नव्हती, म्हणून झिजून भोक पडले की तांब्याच्याच पत्र्याचे ठिगळ खिळे ठोकून बसवायचे, ते सुटले की त्याच्या शेजारी दुसरे, असे करत एकेक भांडे वर्षानुवर्षे वापरात ठेवलेले दिसते. तांब्याच्या पत्र्यातून घडवलेले चमचेही सापडले. उत्खनन करणाऱ्यांना स्वयंपाकाच्या जागी ही भांडी जागच्या जागी नीट ठेवलेली आढळली, जशी जहाज आले त्या दिवशी त्या बायकांनी ठेवली होती.