फुंकर कुठे अडते?

(दृश्य : छोटी खोली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी.)

"फुंका, फुंका, फुंका… अजून, अजून, सोडू नका… आता ओढा!"

ठाण्यातली एक तपासणी खोली. खुर्चीतले काका रबाळ्याचे. उमेदीची वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत गेली. तिसऱ्या फुंकरीला त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. यंत्रातून कागद सरकतो : एकूण हवा किती बाहेर पडली, त्यातली पहिल्या सेकंदात किती. ही पीएफटी, म्हणजे फुप्फुसं किती चालतात त्याची चाचणी.

काका कागद उलटसुलट करतात. "मॅडम, डाव्या बाजूला आहे का उजव्या?"

"ते यात नाही कळत, काका."

प्रश्न साधा, पण नेमका. दोन्ही फुप्फुसांचा हिशेब इथे एकाच बेरजेत येतो. एखादा कोपरा बंद पडला आणि बाकीच्यांनी सांभाळून घेतलं, तर बेरीज ठीकही दिसू शकते.

(दृश्य : एमआरआयची खोली. ठकठक आवाज.)

मग एमआरआय? गुडघा, मणका, मेंदू यांत हे यंत्र तरबेज. छातीशी आलं की अडखळतं. त्याला ऐकू येतो हायड्रोजन, म्हणजे मुख्यतः पाणी. आणि फुप्फुसात हवाच फार. शिवाय हवा आणि पेशी जिथे भेटतात तिथे चुंबकक्षेत्र वेडंवाकडं होतं, सिग्नल उमटता उमटता विरतो. छाती हलते ते वेगळंच. चित्रात बरगड्यांच्या आत जवळजवळ काळोखच.

1994 साली संशोधकांनी त्या हवेलाच बोलतं केलं. शरीराबाहेर काढलेल्या उंदराच्या फुप्फुसात झेनॉन-129 हा वायू भरला आणि चित्र उमटलं. वायू भरण्याआधी रुबिडियम या धातूची वाफ आणि लेसर वापरून झेनॉनची अणुकेंद्रं एका दिशेला वळवून घ्यावी लागतात. मग सिग्नल हजारो पटींनी वाढतो. माणसासाठी कृती सोपी : पिशवीतला वायू ओढायचा, दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा. हवा पोचली तिथे उजेड, अडली तिथे अंधार. झेनॉन रक्तातही विरघळतो आणि तांबड्या पेशींत शिरला की त्याचा सूर बदलतो, त्यामुळे वायू रक्तापर्यंत पोचतोय का तेही कळतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डिसेंबर 2022 मध्ये हवा कुठे पोचते ते पाहण्यासाठी या वायूला मान्यता दिली.

पण हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा जेमतेम एक. आणि 1.5 टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रात हायड्रोजन 64 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, झेनॉन 18 च्या अलीकडे. रेडिओचा काटाच दुसऱ्या स्टेशनवर न्यायचा, म्हणजे सिग्नल पकडणारी वेगळी कॉइल आणि बराच खर्च.

म्हणून मला दुसरी वाट आपल्या जवळची वाटते. वायू नको, इंजेक्शन नको, श्वास धरणंही नको. माणूस निवांत श्वास घेत पडून राहतो आणि नेहमीचंच एमआरआय यंत्र, हायड्रोजनच ऐकत, भराभर चित्रं घेत जातं. हवा भरली की फुप्फुस विरळ होतं, सिग्नल किंचित उतरतो. ठोक्यागणिक रक्त आलं की तो पुन्हा हलतो. श्वास मिनिटाला पंधराएक, ठोके सत्तरएक. भजनात मृदंग आणि टाळ वेगळे ऐकू यावेत, तसे गणिताने हे दोन ताल वेगळे काढतात. हाती दोन नकाशे येतात : हवा कुठे जाते, रक्त कुठे जातं.

(दृश्य : ठाणे स्टेशन, पुलाचा जिना.)

काका अर्ध्या जिन्यात थांबलेत. कागदाची गुंडाळी शर्टाच्या खिशात. कठडा सोडून ते छातीची डावी बाजू चोळतात.

"इथंच कुठंतरी," ते म्हणतात.

खाली पनवेल गाडीची घोषणा होते.