दुसऱ्याच्या भाटातून घोडा नेताना

[कॅमेऱ्यासमोर. मागे जांभ्याचा गडगा, गडग्यात बेडें.]

नमस्कार मंडळी. मागे बेडें दिसतंय बघा. दोन खांब, खांबांना भोकं, भोकांतून आडव्या सरकवलेल्या चार काठ्या. माझी रोजची रपेट इथून आत शिरते आणि आतली एक वीतही जमीन माझी नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठेही घोडा पाळणाऱ्याला विचारा, हीच गोष्ट. हमरस्त्यावर ट्रक, किनाऱ्यावर गर्दी. मग उरतात त्या भाटांतल्या, म्हणजे खाजगी बागायतींतल्या, काजूच्या डोंगरांतल्या, कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडेच्या वाटा. त्या वापरायच्या कशा आणि टिकवायच्या कशा, ते आज बघू.

गोव्याला घोड्याचं नवल नाही म्हणा. कदंबांच्या काळात अरबी घोडे इथल्या बंदरांत उतरत होते, पुढे पोर्तुगीजांनी विजयनगरला घोडे विकून भरपूर पैसा केला. शिगम्यात घोडेमोडणीला लाकडी घोडे कमरेला बांधून आपण आजही नाचतो. पण लाकडी घोडा काजूचा बोंडू तुडवत नाही, आणि वर्षातून एकदाच येतो. खरा, साडेचारशे किलोचा घोडा रोज सकाळी दारावरून जायला लागला की गावाची सहनशक्ती किती, ते कळतं.

तर पहिली गोष्ट, परवानगी. कुणाची?

"भाटकाराला विचारलं" असं बरेच जण सांगतात. कुठल्या भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला? फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून बघा. गोव्यात वारसाहक्काला आधी १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा होता, २०१६ पासून गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे, पण तत्त्व तेच. मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखलेला, आईबापांना सगळं एकाच्या नावावर करता येत नाही. दोन-तीन पिढ्या गेल्या की एकेका सर्व्हे नंबरावर नावांची ही रांग लागते. एक म्हापशात, एक मुंबईत, एक लिस्बनला. त्यातला जो गावात राहतो तो "हो, जा" म्हणतो आणि मे महिन्यात मुंबईवाले आले की भांडण सुरू होतं. म्हणून होकार देणाऱ्याला सरळ विचारा, "बाकीच्यांच्या कानावर घालाल का?" हा प्रश्न लाजत लाजत विचारायचा नसतो.

त्याच फॉर्मवर कुळाचा रकाना असतो, तो वाचा. इतर हक्कांत मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची, नोंद असेल तर तीही. कागदावर मालक कुणीही असो, तुमचा घोडा ज्याच्या अंगणाच्या कडेने जातो, ज्याची कोंबडी उडून झाडावर बसते आणि ज्याचा कुत्रा तुमच्यावर भुंकतो तो मुंडकार. माझ्या मते वाट टिकते ती मुंडकाराच्या मर्जीवर. आणि काजूचा डोंगर असेल तर पावणीत (लिलावात) त्या वर्षी तो कुणी घेतला, हे शोधा. मोसमापुरता डोंगर त्याचा. कोमुनिदादीची, म्हणजे गावकरी संस्थेच्या सामाईक मालकीची, जमीन असेल तर अध्यक्ष ओळखीचे आहेत म्हणून तोंडी हो वर निघू नका, समितीकडे लेखी अर्ज द्या.

आता, मालक घाबरतो कशाला, हे समजून घ्या. घोड्याला तो घाबरत नाही. त्याला भीती आहे की आज घोडे गेले, उद्या हे म्हणतील ही आमची पारंपरिक वाट. वाट अडवली म्हणून मामलेदाराकडे धावणं गोव्यात काही नवं नाही, त्यासाठी १९६६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदाच आहे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आल्यापासून भाटकार मंडळी कागदाला तर भलतीच बिचकून असतात. तुम्ही चांगल्या मनाने म्हणता, "वर्षाला एवढे पैसे देतो, पावती द्या." पावती म्हटलं की काकांचा चेहरा बघा!

यावर उपाय एका पानाचा. त्यात लिहायचं, ही वाट तुमच्या परवानगीने आम्ही वापरतो, या वाटेवर आमचा कुठलाही हक्क नाही आणि सांगणार नाही, तुम्ही म्हणाल त्या दिवशी बंद करू. खाली सही आपली. त्यांची सही मागायची नाही, कागद त्यांच्या हातात द्यायचा. वकिलाकडून एकदा वाचून घ्या, पण भाषा साधीच ठेवा. पैशांऐवजी मी काम बरं समजते. जानेवारी-फेब्रुवारीत वणव्याआधी सुकं गवत काढायला चार माणसं लागतात, तेव्हा तुम्ही कोयता घेऊन उभे राहिलात तर ते वर्षभर लक्षात राहतं.

[कट. काजूच्या डोंगरातली वाट, जमिनीवर पडलेले बोंडू.]

हे बघा. मार्च ते मे, काजूचा मोसम. इथे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडला की गोळा करतात. बी वेगळी होते, बोंडू कोळंबीत (तुडवण्याच्या कुंडात) जातो, तुडवतात, रस निघतो, त्याचा हुर्राक (पहिल्या धारेची दारू), मग फेणी. म्हणजे जमिनीवर पडलेला हा लाल-पिवळा सडा कुणाची तरी त्या दिवसाची मजुरी आहे. गोळा करणारी बाई पहाटे येते, तुम्हीही पहाटेच येता, कारण नंतर ऊन. आता हा खूर बघा, जवळून. नालेखाली बोंडू आला की त्याचा लगदा होतो, मातीत मिसळतो, तो कोळंबीला चालत नाही. वर बी दबून जमिनीत जाते ती वेगळीच. मोसमात मी या डोंगरातून सकाळी नऊच्या आत जात नाही. गोळा करून झालेलं असतं तेव्हाच जायचं, तेही वाटेच्या मधून आणि चालत. घोड्याला खाली मान घालून बोंडू खाऊ द्यायचे नाहीत. फुकटचे नाहीत ते, आणि पडून आंबायला लागलेलं फळ घोड्याच्या पोटालाही बरं नाही. पोटशूळ झाला की डॉक्टर येईपर्यंत रात्र सरते.

शेतातलं वेळापत्रक वेगळं. पावसाळी भात निघालं की मोकळं रान दिसतं आणि हुरूप येतो, पण वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावणारा असेल तर तिथे लगेच पाणी सोडतो. आधी विचारा.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बाबतीत मी हट्टी आहे. मातीच्या बांधावर घोडा न्यायचाच नाही. उतरून हाताने धरूनही नाही. हा बांध भरतीचं खारं पाणी अडवतो. मानशीचे (बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेचे) दरवाजे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि त्या सगळ्या व्यवस्थेचा भार या मातीवर. वरून टणक दिसतो, आतून खेकड्यांनी पोखरलेला असतो. खूर आत गेला तर घोड्याचा पाय मोडू शकतो. आणि पाय वाचला तरी पडलेल्या भोकातून पाणी झिरपायला लागतं, मग एखाद्या अमावास्येच्या भरतीला भगदाड. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की जमिनीतला मीठपणा एका पावसात धुऊन जात नाही. त्या शेतकऱ्याला तुम्ही काय भरपाई देणार? ज्यांच्यावर डांबरी रस्ता आहे असे रुंद बांध सोडा, ते वेगळे.

[कट. ओली वाट.]

आता चिखल. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत दुसऱ्याच्या जमिनीतली वाट बंद ठेवावी, या मताची मी आहे. ऑक्टोबरात सुद्धा पाऊस थांबल्या थांबल्या पळू नका. घोडा, खोगीर, स्वार मिळून सव्वापाचशे-साडेपाचशे किलो. दुडकीत एका वेळी दोनच पाय जमिनीवर, तेही आपटत. तांबड्या मातीत खुराचे खळगे पडतात, खळग्यांत पाणी साचतं, पुढच्या सरीला ते एकमेकांना मिळतात आणि वाटेची पन्हळ होते. मग सगळी माती खाली कुणाच्या तरी कुळागरात.

माझी कसोटी सोपी. वाटेवर पन्नास पावलं चालत जा, उतरून ठसा बघा. ठसा दोन बोटांपेक्षा खोल असेल तर परत फिरा. आणि डबकं आलं की बाजूने वळसा घालायचा मोह होतो, तो आवरा. आज तुम्ही, उद्या दुसरा, महिन्याभरात वाट तिप्पट रुंद होते आणि मालकाला ते पहिल्यांदा दिसतं. डबक्यातून चालत जा. डबकं फार मोठं असेल तर त्या दिवशी ती वाट नाही.

दुरुस्ती करताना चढावर तिरपे पाट काढा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला जातं. जिथे पायरी तुटते तिथे जांभ्याचा चिरा आडवा बसवा. स्वाराच्या डोक्याला लागू नये म्हणून जमिनीपासून तीन मीटरपर्यंत जागा मोकळी हवी. पण काजूची साधी फांदीसुद्धा विचारल्याशिवाय छाटू नका, आणि झाड तोडायचा विषयच नको. त्याला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट खडकाळ पठारावर, पावसाळ्यात जाऊच नका. खडकावर दोन बोटं मातीचा थर, त्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं फुललेली. खुराने तो थर सुटला की पुन्हा धरायला वर्षं लागतात. पाऊस सरल्यावर त्याच सड्यावर फुरशी असतात, दगडांच्या कडेने घोडा घालू नका. आणि वाटेत वारूळ लागलं तर लांबून. सातेरी देवी आहे ती. देवराईतून तर कुणी घोडा नेत असेल असं मला वाटत नाही, पण सांगून ठेवते.

[कट. पुन्हा बेडें, आता घोड्यासह.]

बेडें कसं ओलांडायचं, ते दाखवते. मी उतरले. लगाम डाव्या हातात. वरची काठी आधी, मग खालच्या. चारही पूर्ण काढायच्या. दोन काढून घोडा उडवायचा नाही, मागचा पाय अडकतो. घोडा पलीकडे नेला. आता बघा, मी त्याला वळवून तोंड बेड्याकडे केलं. असं केलं की तो पुढे ओढत नाही आणि लाथ माझ्या बाजूला येत नाही. खालची काठी आधी, प्रत्येक काठी दोन्ही भोकांत पुरती गेली का ते हलवून बघायचं. एक काठी अर्धवट राहिली की रात्री गुरं बाहेर, आणि सकाळी नाव घोडेवाल्यांचं. गट असेल तर काठ्या लावणारा पुन्हा खोगिरावर बसेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. सोबती पुढे गेले की मागे राहिलेला घोडा थयथयाट करतो, आणि त्या घाईत बेडें उघडंच राहतं. फाटक उघडं सापडलं तर उघडंच ठेवा. कुणीतरी मुद्दाम गुरांसाठी ठेवलेलं असतं.

माणूस दिसला की चालीवर या. डोक्यावर भारा घेतलेली बाई असेल तर थांबाच. लांबूनच हाक द्या, "मामी, घोडो येता!" घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं नाही. म्हणून मागून सायकलवाला आला तर त्याला बोलायला सांगा, आवाज आला की घोडा बिचकत नाही. पेडण्यात मोपा विमानतळाची विमानं २०२३ पासून सुरू आहेत, तिथे नवखा घोडा पहिल्यांदा नेताना जुना घोडा सोबत घ्या.

लीद दारात, झरीजवळ, देवळासमोर पडली तर उतरून उचला. कुळागरवाल्याला खत म्हणून हवी असते, पण दोन-तीन महिने कुजवून द्या. ताज्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि तणाचं बी तर असतंच. झरीत घोड्याचं तोंड घालू नका, लोक तिथलं पाणी पितात. आपली बादली न्या. ग्लँडर्ससारखे रोग एका डोणीत अनेक घोडे प्यायल्यानेही पसरतात, आणि ग्लँडर्स माणसालाही होतो. घोड्याची धनुर्वाताची लस चुकवू नका.

कुंपणाची तुटलेली तार, रानडुकरासाठी लावलेला फास, सोलर कुंपण, असं काही दिसलं की फोटो काढा, मालकाला त्याच दिवशी पाठवा. सत्तरीत असाल तर घरी आल्यावर स्वतःच्या अंगावर आणि घोड्याच्या कानांत, शेपटीखाली गोचीड बघा. गोचिडीने पसरणारा माकडताप तिकडे माहीत नाही असं घर नसेल.

एक नवीनच डोकेदुखी. रपेटीचा नकाशा मोबाईलवर नोंदवून लोक तो सगळ्यांसाठी उघडा टाकतात. आठवडाभरात त्या वाटेवर मोटरसायकली. मालकाने घोड्याला हो म्हटलं होतं, सगळ्या जगाला नव्हे. नोंद खाजगी ठेवा. दुसऱ्या तबेल्यातला मित्र आणायचा असेल तरी आधी विचारा. परवानगी तुम्हाला आहे, तुमच्या मित्राला नाही.

आणि कुणी "आता येऊ नका" म्हटलं तर? कारण पटो न पटो, त्या दिवसापासून जायचं नाही. माझ्या ओळखीत एकाने वाद घातला, "दहा वर्षं जातोय आम्ही." ही दहा वर्षं ऐकून शेजारच्या दोन मालकांनीही बेडीं काढून टाकली आणि तिथे गडगा बांधला. हक्काची भाषा केली की सगळी साखळीच तुटते. आपण परवानगीने जातो, हे आपणच लिहून दिलंय ना? मग गप्प राहायचं, चतुर्थीला मोदक घेऊन जायचं, आणि पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा विचारून बघायचं.

त्या एका पानाचा मजकूर खाली दिलाय, कॉपी करून घ्या. तुमच्या बाजूला कुणी वेगळ्या तऱ्हेने लिहून देत असेल तर कमेंटमध्ये सांगा. पुढच्या व्हिडिओत नाल, जांभ्यावर ती इतक्या लवकर का झिजते ते बघू.